मायचा श्वास राखणाऱ्या मॅडम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मायच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी तिला अप्पांच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. अप्पा, माझे वडील, कॅन्सरनं गेले. गेलेल्या माणसाच्या अंथरुणाबरोबर त्याची औषधंही टाकायची आमची रीत. मी तेवढ्या गोळ्या लपवून ठेवल्या होत्या. आमच्या कमठाण्याहून बिदरच्या दवाखान्यापर्यंतचे हादरे तिला सोसले नसते. ‘डॉक्टरांनी दिल्यात’ म्हणून घोटभर पाण्याबरोबर दिल्या.

भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, “घरून कुठली गोळी दिली का?”

“न्हाई मॅडम.”

ऑपरेशन नीट झालं, पण माय लवकर बाहेर येईना. शेवटी मला आत बोलावलं. घशात नळी तशीच होती. छाती एकदा वर यायची, मग कितीतरी वेळ काहीच नाही.

सिस्टर म्हणाली, “मॅडम, नळी काढू या की. अज्जी हात हलवायलीय.”

“हात हलवायलीय गं, श्वास कुठं घ्यायलीय?”

मॅडमनी मायची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

“अण्णा, अफूच्या जातीचं औषध दुखणं विसरवतं, तशी श्वासाची निकडही विसरवतं. बाहेर टाकायचा वायू आत साचला तरी मेंदू हाक देत नाही. त्यात भुलीनं फुप्फुसं आक्रसलेली, खालचा भाग मिटलेला.”

“मग?”

“मग काय? औषध उतरेपर्यंत अज्जीचा श्वास आपण घ्यायचा. उतारा आहे, पण दुखणं एकदम उसळेल.”

त्यांनी मायचं डोकं उंच केलं आणि नळीला जोडलेला हवेचा फुगा स्वतः दाबत बसल्या. जेवणाचा डबा टेबलावर बंदच. मध्येच हात थांबवायच्या, माय आपणहून घेते का बघायच्या, पुन्हा दाबायच्या. चेहऱ्यावर ना घाई, ना राग. इतक्या शांतपणे कुणाला कुणासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. त्या अंदाजानं चालल्या होत्या आणि खरं उत्तर, त्या गोळ्यांची रिकामी पट्टी, माझ्या खिशात होतं.

हळूहळू मायचे स्वतःचे श्वास लवकर लवकर येऊ लागले. नळी निघाली.

“अज्जी, लांब श्वास घ्या! अजून लांब!”

“कामून वरडायलीस गं,” माय घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बहिरी हाय का मी?”

मॅडम खळखळून हसल्या आणि मग डबा उघडला.

माय आता काठी टेकत शेजारणींकडं जाते. त्या मॅडमना खरं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे, आणि मायलाही.