बांधलेला माल

जाधवकाका सुतळी दातांनी तोडायचे. कात्री टेबलावर असायची, पण ती फक्त गाठ कापायला. आणि गाठ कापायची वेळ येऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट.

मासेमारी बोटींतलं पाणी उपसायचे पंप बनवणारा आमचा कारखाना, रत्नागिरीच्या एमआयडीसीत. मी स्टोअरला कंत्राटी, काका प्लॅनिंगचे क्लार्क. ऑर्डर आली की तिला लागणारा प्रत्येक भाग, अंगठीएवढं रबरी सीलसुद्धा, ते बाजूला काढत आणि त्याला गिऱ्हाइकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं लेबल बांधत. सुटा माल कुणाचाही, बांधलेला एकाचाच. मी एकदा घाईत बांधलेल्यातला नट उचलला, तर म्हणाले, "मेल्या, त्याला मालक हाय. तुझ्या ताटातली भाकरी अशीच उचलू काय?"

मग कॉम्प्युटरवर नवी पद्धत आली. सगळा साठा एक आणि मोठ्या कंपनीची ऑर्डर आधी. मिरकरवाड्याच्या दाऊदभाईंची बोट जुनी, पाणी घेणारी. मासेमारीची बंदी उठायच्या आत पंप देतो, असा काकांनी शब्द दिला होता. मॅनेजरने नेमकं त्याच पंपाचं सील मागितलं. काका अडून बसले. त्यांना दोन तास केबिनबाहेर उभं ठेवलं, निवृत्तीला वर्ष उरलंय याची आठवण दिली, चार दिवसांत दुसरं सील येतंय असंही सांगितलं. काकांनी कात्री उचलली. सील मोठ्या ऑर्डरच्या टेबलावर मी नेऊन दिलं.

गाठ सोडायची तर ज्याची आहे त्याला आधी विचारायचं, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी त्यांनी दाऊदभाईंना फोन केला नाही. चार दिवसांचा तर प्रश्न, कशाला उगाच घोर लावायचा, म्हणाले.

चार दिवस गेले, सील आलं नाही. बंदी उठली. दाऊदभाई जुनाच पंप ठोकूनठाकून चार खलाशांसह निघाले. वारा फिरला तशा बाकीच्या बोटी परतल्या. त्यांची आली नाही.

मी पेटून आम्हा कामगारांच्या वतीने पत्रक लिहिलं, पाच जिवांचा हिशेब व्यवस्थापनाने द्यावा म्हणून. काकांनी ते उभ्यानेच वाचलं. "माझं नाव नाय ह्यात."

तुम्हाला नमवलं, तुमचा काय दोष, असं मी म्हटलं.

"नमवलं ना. पण कात्री माझ्या हातात होती. खोटं नाय रे तुझं पत्रक. सुटं हाय. बांध त्याला."

मी नाव घातलं नाही. आम्हाला निर्दोष म्हातारा हवा होता, पत्रकात तो शोभतो.

उशिरा आलेल्या सीलला काकांनी दाऊदभाईंचं लेबल बांधलं, ते खिशात घातलं आणि नोकरी सोडली. मग रोज सकाळी जेट्टीवर बसायचे. कुणी घरी चला म्हटलं की खिसा दाबून म्हणत, "माल द्यायचा हाय."

मे महिन्यात ते गेले. बुद्धविहारातल्या शोकसभेनंतर त्यांच्या मुलीने ते सील माझ्या हातात ठेवलं. सुतळी त्या दिवशी कापलेलीच, तिला दोन गाठी होत्या: एक लेबलाची, एक कापलेलं जोडल्याची.

पत्रक मी पुन्हा छापलंय. त्यात मॅनेजरचं नाव आहे, खाली काकांचं. त्याच्या खाली, सील उचलून नेणाऱ्याचं, माझं.