दुधी काच

बस चालवण्याची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना सावकाशकाका म्हणते. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला “सावकाश, सावकाश” म्हणायची त्यांना सवय होती आणि निवृत्तीनंतर ती घरात मुक्कामाला आली. बायको खुर्चीतून उठली तरी सावकाश, लेकीने फोन ठेवला तरी सावकाश. असा हा माणूस त्या शनिवारी सकाळी नुसत्या बनियनवर जिना उतरून धावत गेला आणि शेजारणीचं दार बडवत म्हणाला, “व्हिनेगर आहे? असेल नसेल तेवढं द्या! लवकर!” बिचारीने काही न विचारता बाटली हातात दिली.

आता ही घाई कशाची, तेही सांगायला हवं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि थोड्याच दिवसांत त्या बाथरूममधल्या शॉवरच्या काचेच्या कॅबिनमध्ये अडकल्या. सरकतं दार बंद केलं ते रुतूनच बसलं. काका बाल्कनीत रेडिओ लावून बसलेले. काकूंनी हाका मारून घसा कोरडा केला, काचेवर थापा मारल्या, पण आतून बाहेरचं काही दिसेना आणि बाहेरून कोणी येईना. अखेर काका रेडिओ बंद करून आत आले, तेव्हा कुठे दार ओढून उघडलं. त्या दिवसापासून त्यांनी त्या कॅबिनचा धसकाच घेतला. दार उघडं ठेवून अंघोळ करावी तर पाणी सगळ्या फरशीवर, म्हणजे घसरायची भीती. रोज ओल्या फडक्याने अंग पुसून त्या कंटाळल्या आणि एक दिवस म्हणाल्या, “मी लेकीकडे राहायला जाते. तिचं बाथरूम ऐसपैस आहे, तिथे जीव घाबरत नाही.”

“किती दिवस?” काकांनी विचारलं.

“ते आता काय सांगू?”

ही गेली की घर खायला उठणार, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. पण “जाऊ नकोस” एवढे दोन शब्द काही तोंडातून फुटेनात. बायको आत हाका मारत होती तेव्हा आपण रेडिओ ऐकत होतो, मग आता कुठल्या तोंडाने थांबवायचं?

शनिवारी दुपारी लेक गाडी घेऊन आईला न्यायला येणार होती. सकाळी तिचा फोन आला तेव्हा काकांनी सहज विचारलं, “ते दार रुततं तरी कशाने गं?”

“बाबा, तुमच्याकडचं पाणी जड आहे. रुळात क्षार साचला असेल. मी किटली व्हिनेगरने साफ करते, तसं करून बघा. पण त्यात दुसरं काही ओतू नका हं! ब्लीच तर मुळीच नको, विषारी वाफ होते.”

काकांनी घरातलं होतं नव्हतं ते व्हिनेगर दाराच्या खालच्या-वरच्या दोन्ही रुळांत ओतलं आणि चहा प्यायला गेले. चहा पिऊन परत आले ते दारातच थबकले. वरच्या रुळातून व्हिनेगर खाली ओघळलं होतं आणि काचेवर बोटभर रुंदीची एक स्वच्छ रेघ उमटली होती. त्या रेघेतून पलीकडची निळी बादली दिसत होती.

“अगं ए! इकडे ये! बादली दिसतेय!”

“बादली दिसतेय म्हणून एवढं ओरडायचं?” काकू काठी टेकत आल्या. “चष्मा लावलाय ना?”

“अगं, काचेतून दिसतेय! दुधी काचेतून!”

हे घर घेताना आधीच्या मालकीणबाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “ही दुधी काच बरं का, आतलं काही दिसत नाही.” वरचा हातभर पट्टा साधा आणि खाली सगळं दूध. लेक तर म्हणाली होती, काय सुरेख शेडिंग आहे! घरी आलेल्या पाहुण्यांनाही ती काच कौतुकाने दाखवली जायची.

“दुधी कसली डोंबलाची!” काका आनंदाने नाचायचेच बाकी होते. “फवारा लागतो तिथवर क्षार चढलाय. इतकी वर्षं आपण मळाचं कौतुक करत होतो!”

तेव्हाच ते शेजारणीकडे धावले होते. व्हिनेगर तर मिळालं, पण उभ्या काचेवर ते ठरेना. लावावं तर सरळ खाली. काकांनी क्षणभर विचार केला आणि कपाटातली सगळी बनियनं काढली. ती कोमट व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून, काचेवर बाह्या पसरून चिकटवून टाकली. घरभर आंबट वास सुटला.

“त्यातली दोन चांगली होती!” काकू कळवळल्या.

“असू दे!”

बनियनं उतरवून मऊ स्पंजने घासल्यावर थर ओल्या खडूसारखा सुटायला लागला. तारेची घासणी मात्र काकांनी जवळही येऊ दिली नाही. काचेवर चरा पडला की कायमचा, हे बसच्या काचेने त्यांना शिकवलं होतं. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. “तो कोपरा राहिला. अहो, तो नाही, खालचा!” खालचा कोपरा हट्टी निघाला, त्याला पुन्हा बनियन बांधावं लागलं. शेवटी पाणी मारून, वायपर फिरवून काका बाजूला झाले. काच आहे की नाही, हे हात लावून बघावं लागत होतं! दारही एका बोटाने सरकलं.

“पण अहो, आता आतलं सगळं दिसणार की!”

“मलाच ना? मग माझं काय बघायचं राहिलंय?”

“काहीतरीच बोलता!” काकू हसल्या, अगदी लाजल्यासुद्धा.

“आणि तुला मी दिसेन,” काका म्हणाले. “रोज इथे स्टूल टाकून बसेन. रेडिओ नाही, काही नाही. जाऊ नकोस गं.”

काकूंनी एका बोटाने दार सरकवून पाहिलं, पुन्हा मागे ओढलं. मग म्हणाल्या, “आधी अंघोळ तर करू द्या.”

लेक आली तेव्हा आई आत होती आणि बाबा बाथरूमच्या दारात स्टुलावर. गरम पाण्याची वाफ धरली आणि बघता बघता काच पुन्हा पांढरी झाली. काकांचा चेहरा उतरला. सगळी मेहनत पाण्यात गेली, असंच त्यांना वाटलं. तेवढ्यात आतून एक तळवा गोल फिरला. त्या गोलात काकूंचा एक डोळा आणि अर्धं नाक आलं. काकांनी घाईघाईने हात वर केला. डोळा बाजूला झाला आणि आतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

“आई, आवर गं, ऊन उतरायच्या आत निघू,” लेक म्हणाली.

“माझे कपडे दे आधी.”

“सगळे बॅगेत भरलेत. कोणते काढू?”

आतलं पाणी बंद झालं. तळवा काचेवर पुन्हा एकदा फिरला.

“सगळेच काढ,” काकू म्हणाल्या, “आणि कपाटात लावून ठेव.”