घराजवळचा फंड

नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एचआरची मेल आली: तुमचा सुपर कुठल्या फंडात भरायचा ते शुक्रवारपर्यंत कळवा. कंपनी पगाराबरोबर आपल्या निवृत्तीसाठी जे पैसे भरते त्याला इथे सुपर म्हणतात. आधीच्या कंपनीने आपणहून कुठेतरी खातं उघडलं होतं, आणि मी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता निवड माझ्यावर आली. मला साधा पडद्याचा रंग ठरवता येत नाही.

फंड ढीगभर. प्रत्येकाच्या वेबसाइटवर समुद्रकिनाऱ्यावर हसत चाललेलं एक पांढऱ्या केसांचं जोडपं. आत शिरलं की बॅलन्स्ड, ग्रोथ, हाय ग्रोथ. मला बॅलन्सही हवा होता आणि ग्रोथही. दोन दिवस वाचून डोक्याचा पार भुगा झाला.

"अगं, सगळे सारखेच. कुठलाही टिक कर," नवरा सोफ्यावरून म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायला तो पहिल्यापासून तयार. ऑफिसात शेजारच्या डेस्कवरच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नो वरीज, मेट. आय नेव्हर लुक ॲट माइन." इतकी निश्चिंत माणसं पाहिली की मला राग येतो.

शेवटी पुण्याला बाबांना फोन केला. बाबांचा जन्म बँकेत गेला. मी देश सोडून निघाले तेव्हा त्यांना सांगितलं होतं, "पाच वर्षं, मग परत." ती पाच वर्षं कधीच उलटली, मधे आम्ही पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, घेतला, गुंगालिन नावाच्या उपनगरात घर घेतलं, तरी ते वाक्य मी मागे घेतलं नाही. बाबा दर रविवारी पार्किंगमध्ये जाऊन माझी स्कूटर सुरू करतात, बॅटरी उतरू नये म्हणून.

"वेबसाइटवर काय बघतेस?" बाबा म्हणाले. "शाखेत जा. काउंटरवरचा माणूस मान वर करून बोलतो का बघ. म्हातारी माणसं आली तर त्यांना बसायला खुर्ची देतात का बघ. तिथे सगळं कळतं."

मला एकदम धीर आला. खरंच, हे मला कसं सुचलं नाही! गुरुवारी लंच टाइममध्ये एका फंडाचा पत्ता काढून गेले. सोबत प्लास्टिकचं फोल्डर: पासपोर्टची झेरॉक्स, लायसन्सची झेरॉक्स, प्रत्येकीवर माझी सही, आणि पासपोर्ट साइझचे चार फोटो. खातं उघडायचं म्हणजे एवढं लागतंच.

काचेची इमारत, आत एक ऑर्किडची कुंडी आणि एक मुलगी. काउंटर नाही, रांग नाही, म्हातारं माणूस तर औषधालाही नाही. मी फोल्डर पुढे केलं. तिने फोटो उलटसुलट करून पाहिले आणि फार गोड आवाजात विचारलं, "आर दीज फॉर अस?" सगळं ॲपवर होतं म्हणाली. मी फोटो गोळा केले आणि बाहेर आले. लाज वाटली, आणि गोंधळ होता तो होताच.

लाइट रेलच्या स्टॉपवर बोचरं वारं सुटलं होतं. तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांचा सकाळचा चहा चालला होता.

"शाखाच नाही हो बाबा. सगळं फोनवर."

"असं कसं?" ते विचारात पडले. मग बँकेतला प्रश्न आला, "बरं, पैसे काढता कधी येतात?"

"साठीला."

"आणि आधीच परत आलीस तर?"

"पीआर असला की नाही मिळत. साठीपर्यंत इथेच राहतात."

मी पैशांबद्दल बोलत होते. वाक्य तोंडातून गेल्यावर ते माझ्याच कानावर आलं. पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मला काहीतरी बोलायचं होतं. अहो, तो फक्त नियम आहे, आम्ही काहीच ठरवलेलं नाही, असं काहीतरी. पण आम्ही ठरवलंय की नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

"मग असं कर," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "घराजवळ ऑफिस असेल असा फंड बघ. नसेलच, तर फोन नीट उचलणारा घे. तुमच्याकडे थंडी फार. म्हातारपणी तुला लांब जायला लागू नये."

ट्रेन आली, दारं उघडली, बंद झाली. मी तिथेच उभी राहिले.

शुक्रवारी मी एक फंड टिक केला. तोच का, ते आजही सांगता येणार नाही. साधा मिक्सर घेतला तरी बाबा चार दुकानांतले भाव विचारतात, पण मी कुठला फंड घेतला ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. आणि स्कूटरचं मी विचारलेलं नाही.