ड्राइव्हवरची रंगीत तालीम

ये गं, अशी जवळ ये. कोट अजून अंगातच? दोन वर्षांनी एडिनबराहून येतेस आणि बसतेस अशी खुर्चीच्या कडेला, जसा काही डेंटिस्टकडे नंबर लागायचाय. काढ तो कोट. आणि मघाशी काय म्हणालीस? "मावशी, तुम्ही दोघं दर हिवाळ्यात स्पेनला पळता, मज्जा आहे तुमची." पळता म्हणे! पहिल्यांदा पळायच्या आधी काय रामायण झालं ते विचारायला तुला कधी वेळ झाला? ट्रेन संध्याकाळची आहे तुझी, मला माहीत आहे. ऐक आता.

तुझे काका रिटायर झाले त्या वर्षीची गोष्ट. सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात गेलं त्यांचं, दुसऱ्यांच्या छातीला नळी लावून. स्वतःच्या छातीचं काय? दिवाळीचा फराळ संपला की यांचा खोकला सुरू, तो थेट गुढीपाडव्यापर्यंत. तर रिटायर झाल्यावर एक दिवस गेले लायब्ररीत पुस्तक बदलायला आणि परत आले ते मोटरहोम घेऊन. सेकंडहँड, पांढरी, बाजूला तपकिरी पट्टा. आमच्या ड्राइव्हवर, दारापुढच्या गाडीच्या जागेत, उभी केली तेव्हा पुढच्या खोलीत अंधार पडला.

"अगं, हे बघ, गॅस आहे, फ्रिज आहे, पलंग आहे. जानेवारी ते मार्च आपण स्पेनमध्ये. ऊनच ऊन!"

मी म्हटलं, "अहो, घर आहे की आपल्याला. त्या डब्यात तीन महिने कोण राहणार?"

डबाच म्हणायचे मी. मला जायचं नव्हतं, सरळ सांगते. मुलगा आणि सूनबाई तेव्हा आमच्याकडेच राहत होते, त्यांच्या नव्या घराचं काम चालू होतं म्हणून. म्हणजे घर सांभाळायची काळजी नव्हती, आणि माझं एक कारण तिथेच बाद. खोकल्यापुढे दुसरं कुठलं कारण काढायचं? तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून मी एक शक्कल काढली.

म्हटलं, "ठीक आहे. आधी तालीम करू. नोव्हेंबरात सात दिवस आपल्याच ड्राइव्हवर डब्यात राहायचं. घरात पाऊल टाकायचं नाही. जो टाकेल तो हरला. तुम्ही हरलात तर स्पेन रद्द, मी हरले तर निमूट येणार." फेरीबोटीचं बुकिंग त्यानंतरच्या सोमवारी पक्कं करायचं होतं, तोवर निकाल लागणार.

हे खूश! "डन," म्हणाले.

त्यांना कुठे माहीत होतं की मी अंघोळीवर डाव लावलाय! या माणसाला सकाळी दोन बादल्या कडकडीत पाणी लागतं. शॉवर नाही, बादली आणि तांब्या, इंग्लंडात इतकी वर्षं काढूनसुद्धा. आणि डब्यातल्या नळाला गरम पाणी किती, तर दोन कप चहा होईल आणि तिसऱ्याला कोमट. मी मनात धरलं, बुधवारपर्यंत हरतात.

सोमवारी सकाळी किचनच्या खिडकीतून विजेची केबल बाहेर ओढली आणि आमचा संसार सुरू झाला. बाहेर असा गारठा की श्वासाची वाफ निघत होती. सूनबाई दार उघडून म्हणाली, "आई, दूध हवंय का?" हे आतून ओरडले, "काही देऊ नकोस! आम्ही स्पेनमध्ये आहोत!"

बुधवार आला. हे ओल्या टॉवेलने अंग पुसून बसले, पण हरले नाहीत. उलट त्या दिवशी तमाशा झाला तो वेगळाच. आपल्या मंडळातली माझी एक मैत्रीण समोरच्या रस्त्याने चालली होती. तिने पाहिलं काय, तर आम्ही दोघं म्हातारी स्वेटरवर स्वेटर घालून डब्यात बसून उपमा खातोय, आणि घरात दिवे लावून मुलगा आणि सून आरामात. तासाभरात ती हजर. हातात पिठलं-भाताचा डबा, डोळ्यांत पाणी.

"अगं, कधी काढलं तुम्हाला बाहेर?" माझा हात घट्ट धरून विचारते.

"कुणी काढलं?"

"माझ्यापासून काय लपवतेस? घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे, ते आधी सांग."

तेवढ्यात सूनबाई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली. बिचारी हसून "या ना आत, चहा घ्या" म्हणाली. माझ्या मैत्रिणीने तिच्याकडे जे बघितलं ना, दूध नासलं असतं. मी घाईघाईने सांगायला लागले, अगं तालीम आहे ही, स्पेनला जायचंय, तिथे जानेवारीत कोवळं ऊन असतं, यांचा खोकला थांबेल. बोलता बोलता माझं मलाच कळलं की मी डब्याची तारीफ करतेय. फ्रिज आहे म्हणे, पलंग आहे म्हणे! शेजारी बसलेले हे खाली मान घालून पिठलं खात होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसायला मिळाल्यावर खोकायलाही विसरले.

ती गेली, पण पटून काही गेली नाही. संध्याकाळपर्यंत मुलाला मंडळातल्या तिघांचे फोन आले. एकांनी तर त्याला कर्तव्य या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. तो बाहेर येऊन डब्याची काच ठोकून म्हणाला, "आई, प्लीज आत या. माझी इज्जत गेली." आम्ही पडदा ओढून घेतला.

आता खरी गोष्ट गुरुवारची. हे टाकीत पाणी भरायला खाली उतरले होते. टेबलावर त्यांची निळी फाइल होती, स्पेनच्या तयारीची. घरात मी तिला कधी हात लावला नव्हता. हे पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, मी किचनमध्ये, अशी आमची वर्षं गेलेली. डब्यात एकच टेबल, बघणार नाही तर काय करणार? उघडली. कॅम्पसाइटची यादी होती, मुलाच्या कॉम्प्युटरवरून छापलेली, आणि प्रत्येक नावापुढे यांच्या त्या डॉक्टरी अक्षरात एक शब्द. मला आधी वाटलं औषधाचं नाव आहे. चष्मा लावून पाहिलं. 'वाळवण.' एका पुढे 'वाळवण – हो.' दुसऱ्या पुढे 'वाळवण – झाडं फार, सावली.' तिसऱ्यावर फुली.

तुला माहीत आहे ना, या देशात आल्यापासून माझं एकच रडगाणं. साबुदाण्याच्या पापड्या घालायला इथे ऊन नाही. रेडिएटरवर वाळवून पाहिल्या, ओव्हनमध्ये पाहिल्या. तळल्या की फुलायच्या ऐवजी रुसून बसायच्या. मी दरवर्षी कुरकुरायची आणि हे पेपरमागून "हं" म्हणायचे. मला वाटायचं, ऐकतच नाहीत.

खाली एक ईमेल छापून ठेवलेला. कॅम्पवाल्याने लिहिलं होतं: "बाहेर शेगडी चालेल. दोरीवर कपडे चालतील. तुमच्या पत्नीच्या पांढऱ्या चकत्यांबद्दल मात्र आम्हाला नीट समजलं नाही. त्या जिवंत आहेत का?" आणि त्याखाली यांनी पेनने उत्तराचा मसुदा केला होता: "नाहीत. उन्हात चादरीवर ठेवायच्या आहेत, दिवसाला सहा तास. तळल्यावर तुम्हालाही देऊ."

मी फाइल होती तशी मिटून ठेवली. हे पाण्याचा कॅन घेऊन वर आले, बोटं गारठून लाल झालेली. म्हणाले, "काय गं, गप्प का?" म्हटलं, "काही नाही. लसूण सोला." आणि सोलला त्यांनी! लग्नानंतर पहिल्यांदा. निम्मी साल, निम्मा लसूण, पण सोलला.

शुक्रवारी पहाटे मला जाग आली तर शेजारी पलंग रिकामा. पडदा जरासा सारून पाहिलं. घराच्या बाथरूमची काच वाफेने पांढरी झाली होती. नळाचा आवाज, तांब्याचा आवाज. पाचव्या दिवशी गडी हरला होता! थोड्या वेळाने मागच्या दाराने बाहेर आले, चपला हातात, मोज्यांवर, चोरासारखे. अंगाला चंदनाच्या साबणाचा वास, तो ड्राइव्हभर.

जिंकले होते गं मी. एक शब्द बोलले असते तर स्पेन रद्द. मी पांघरूण ओढून डोळे मिटले. ते आत येऊन चहा ठेवायला लागले तेव्हा उठल्यासारखं केलं आणि विचारलं, "अहो, केस ओले कसे?"

"बाहेर भुरभुरतंय जरा," म्हणाले. आकाश लख्ख, कारवर दंवाचा थर.

"हो का? मग टोपी घालत जा," मी म्हटलं. "खोकला वाढेल."

मग शनिवारीही भुरभुरलं आणि रविवारीही. सोमवारी सकाळी दोघं मिळून घरात गेलो, मुलाकडून फेरीबोटीचं बुकिंग पक्कं करून घेतलं. नावं लिहिताना हे छाती फुगवून म्हणतात कसे, "बघितलंस? सात दिवस!" सूनबाई तिकडे तोंडात पदर कोंबायचा, तर जीन्सला पदर कुठला, म्हणून उशी कोंबून हसत होती. बाथरूम तिच्या खोलीला लागून, तिला काय कळत नव्हतं? आजवर यांना कुणी सांगितलेलं नाही. तूही सांगायचं नाहीस.

हा घे, हा डबा धर. यंदाच्या पापड्या आहेत, तिकडच्या उन्हातल्या. कॅम्पवाला आता स्वतःच चादर आणून देतो. घरी जाऊन तळ आणि बघ कशा फुलतात. पण एवढ्या पुरणार नाहीत तुला, म्हणून सांगते, परत लवकर ये. दोन वर्षं लावू नकोस. खोल्या भरलेल्या असल्या तर डबा ड्राइव्हवर उभाच आहे, त्यात झोप. अंघोळीला मात्र खुशाल घरात ये, तुझ्यावर काही पैज नाही. दिवाळीनंतर आम्ही निघायच्या आधीच ये.