आत्याचा तोल

माझ्या आत्याइतकी हट्टी बाई कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी झाली नसेल, आणि झाली असलीच तर आत्याशी गाठ पडल्यावर तिनं हट्ट सोडला असेल. नव्वदच्या दशकात कळंब्यात बायकांना लूना शिकवणारी ती एकटीच. पदर खोचून मैदानात गाडीमागं पळायची आणि ओरडायची, "ब्रेक दाब की! नवऱ्याला काय हाका मारतीस?" काकडी कडू निघाली तर अर्धी खाऊन उरलेली परत करायला जायची, आणि भाजीवाल्यालाही एक फोड खायला लावायची.

एका उन्हाळ्यात तिचा तोल जाऊ लागला. काही आठवड्यांतच चाल वाकडी झाली, जीभ जड झाली, चहा तोंडात कमी आणि अंगावर जास्त. ही पिते, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. आत्यानं एकीला रस्त्यातच गाठलं आणि तोंड वासलं, "हुंग! येतोय वास?"

मेंदूचा स्कॅन चांगला आला. एक डॉक्टर म्हणाले, वय झालं. आत्या खुर्चीवरून उठेचना. "वय रोज थोडं थोडं हुतंय. हे एकदम झालंय. शोधा."

शेवटी मेंदूच्या एका तज्ज्ञांनी तिचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी समजावलं, "पोटात कुठंतरी कॅन्सरची बारीक गाठ असणार. तिच्यात जे प्रथिन असतं, तेच तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या पेशींतही असतं. शरीर गाठीवर तुटून पडतं आणि त्या पेशींनाही मारतं. तुमच्या रक्तात सापडलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, ही त्याचीच खूण."

"म्हंजे चोर धरायला गेलं आन् घरच्यालाच बडवलं व्हय?"

"तसंच. गाठ काढता येईल. गेलेला तोल बहुतेक परत येणार नाही."

"मग उरलेला वाचवा."

पहिल्या सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. आत्यानं पुन्हा करायला लावली. तेव्हा अंडाशयात गाठ दिसली, अजून न पसरलेली. ऑपरेशन झालं, औषधं झाली. कॅन्सर गेला, पण चाल सुधारली नाही. मग आत्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिकवू लागली. बाकी बोलणं अडखळायचं, शिव्या मात्र स्वच्छ यायच्या.

एका संध्याकाळी तिला तलावावर नेलं होतं. बाकावरून ती अचानक उठली. मी धावलो.

"धरू नगंस," ती म्हणाली. "नुसता जवळ थांब."

डुलत, पाय फाकवून, ती बराच वेळ पाण्याकडं बघत उभी राहिली. मी हात पुढं करून शेजारी थांबलो. आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. अजून त्या काठावर गेलो की माझा हात आपसूक थोडा पुढं होतो.