बोक्याने न मारलेली उडी

माझ्या भाच्याला सगळे बोका म्हणतात. लहानपणी माळ्यावरून पडला, तर उठून चड्डी झटकत म्हणाला, "आत्या, भूक लागली." हा काही खुर्चीत बसून पोट भरायचा नाही, हे माझ्या भावाला तेव्हाच कळलं. तसंच झालं. बोका सिनेमात पडतो. म्हणजे पडायचं असतं हिरोला, हाडं असतात बोक्याची.

ही गोष्ट घडली तेव्हा चालला होता तो सिनेमा पाच गुन्हेगारांचा. पहिल्या भागात सरकार त्यांना तुरुंगातून काढतं, गळ्यात लोखंडी पट्टे घालतं आणि जिवावरच्या कामाला धाडतं. ऐकलं नाही की पट्टा फुटतो. तो भाग चालला, म्हणून दुसरा काढला. त्यात पट्टे निघालेले.

"मग पळून जात नाहीत का मेले?" मी विचारलं.

"तीच तर गोष्ट आहे, आत्या. आता हुकूम देणारं कुणी नाही. जायचं की राहायचं, ज्याचं त्याने ठरवायचं."

"आणि तुझं कोण ठरवतं रे?"

हसला आणि भिंत धरून उठला. त्याचा कान आतून बिघडला होता. मान वळवली की सगळं घर गरगर फिरायचं. औषध संपेपर्यंत स्टुलावरसुद्धा चढू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि याला मारायची होती चौथ्या मजल्यावरून उडी. पाच गुन्हेगारांच्या जागी पडणारे हे पाच जण पहिल्यापासून एकत्र. एक गळला तर फाइटमास्टर पाचही बदलेल, ही बोक्याला धास्ती. म्हणून कुणाला काही बोलला नाही.

त्याची बायको माझ्यामागे लागली. "आत्या, तुम्ही जा सोबत. तुमचं ऐकतात ते."

"माझं माझ्या गुडघ्यांनी ऐकलं तरी पुष्कळ," असं म्हणत गेलेच.

बांधकाम अर्धवट सोडलेली इमारत होती. खाली अंगणात पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचत होते, थरावर थर, वर गाद्या, त्यावर ताडपत्री. माणूस पडला की खोकी चेपतात, माणूस चेपत नाही. मला एका कोपऱ्यात खुर्ची दिली. शेजारी चिमणी बसली होती, पाचांतली एकुलती एक मुलगी.

"मधे खड्डा का ठेवलाय गं?" मी विचारलं.

"शेवटचं खोकं ज्याला उडी मारायचीय त्याने स्वतः ठेवायचं, आजी. ठेवलं म्हणजे तयार आहे. नाही ठेवलं तर नाही. का म्हणून कुणी विचारत नाही."

बोक्याने खोकं ठेवलं नव्हतं. वर जाऊन आधी डोकं कसं राहतं ते बघू, असा त्याचा विचार असावा. तो जिना चढला आणि इकडे हिरो आला. पोरगा मनाने चांगला. खड्डा दिसला, बाजूला खोकं दिसलं. बोका विसरला वाटतं, असं म्हणून त्याने ते उचललं, नीट बसवलं, वर गादी सरकवली आणि ताडपत्रीही ओढली. चिमणी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत झालंसुद्धा. लांबून मास्टरने ताडपत्री सपाट पाहिली आणि उडीच्या खुणेचा हात वर केला.

मी वर पाहिलं. बोका कठड्याशी उभा, खाली बघत. ओरडावं म्हटलं, तर दचकून तोल गेला म्हणजे? तोंडात पदर कोंबला आणि बसले.

मग तो दिसेनासा झाला. धावत येण्यासाठी मागे गेला असं सगळ्यांना वाटलं. बराच वेळ कुणी आलं नाही. शेवटी जिन्याच्या दारातून बाहेर पडला, भिंत धरत धरत. ताडपत्री बाजूला केली, गादी हटवली, मधलं खोकं काढून जमिनीवर ठेवलं.

"हे माझं नाही."

हिरो ओशाळला. "मला वाटलं राहिलं."

"राहिलं नव्हतं. ठेवलं नव्हतं."

निर्मात्याचा माणूस तावातावाने पुढे आला. "का नाही ठेवलं? सगळा दिवस खोळंबलाय!"

"विचारायचं नसतं," मास्टर म्हणाला.

विचारलं नाही, तरी बोक्याने सांगितलं. "कान बिघडलाय, मास्टर. वर गेलो की जमीन झोके घेते."

आता मास्टर भडकला. "आणि हे तू मला आता सांगतोस? जीभ काय गहाण टाकली होतीस?"

"पाचही जणांचं काम जाईल वाटलं."

"पाचांचं जाणार होतं ते तू वरून आपटला असतास तर, गाढवा!"

चिमणी उठली. "द्या इकडे तो हिरोसारखा विग. खांद्यात कापूस भरा, पाठमोरीच तर दिसणार आहे."

हललेला वरचा थर बोक्याने नीट रचला, मागे सरला. चिमणीने आपल्या हाताने खोकं ठेवलं, वर गेली आणि उडी मारली. मी डोळे मिटले होते, फक्त धप्प ऐकलं. मग तिचं हसणं.

घरी दारातच त्याची बायको उभी.

"मारलीत?"

"नाही."

"मग इतका वेळ करत काय होतात?"

"चिमणीची खोकी लावत होतो. मास्टर म्हणाला, कान बरा होईपर्यंत तेच कर. पुढचं पुढे बघू."

"आणि पुढे?"

"ते मी ठरवीन."

"आपण ठरवू," ती म्हणाली आणि ताटं मांडायला गेली. बोक्याने माझ्याकडे पाहिलं. मी कशाला मधे पडू? मला भूक लागली होती.