दलदलीतला लव्हाळा

सोलापूर स्टेशनवर चेन्नईची गाडी लागली. बाबांनी माझी बॅग वर ठेवली आणि म्हणाले, "गवताचा अभ्यास करायला एवढ्या लांब? बार्शीच्या माळावर काय कमी होतं?" आईनं खिडकीतून डब्याची पिशवी आत दिली. पीएचडी झाली की परत येईन, असं सांगून मी निघाले. घर सोडणारे आपण सगळे हेच सांगतो.

वेस्ट मांबलममध्ये खोली मिळाली. घरमालकीण तंजावरकडच्या मराठी घरातली. तिच्या "कापी घेतेस काय गे?"ला तमिळ हेल होता, पण परक्या गावात तेवढ्यानंही धीर आला.

माझा विषय चेन्नईतल्याच पेरुंगुडीजवळची दलदल. पाणी चढतं-उतरतं तेव्हा कुठली झाडं तग धरतात, हे शोधायचं. पुढे इथेच प्राध्यापक झाले. तोवर जलपर्णीनं दलदलीतलं पाणी झाकून टाकलं होतं. ती काढली तर चिखलात दडलेल्या बियांतून जुना लव्हाळा पुन्हा उगवेल, असं माझं म्हणणं. सहकारी हसले, "ते बी कधीच कुजलं असेल." तरी आम्ही गुडघाभर चिखलात उतरून दलदलीचे काही तुकडे मोकळे केले.

नेमकी तेव्हाच बार्शीच्या कॉलेजात कायमची नोकरी चालून आली. फोनवर मी नाही म्हणाले. बाबांनी फोन आईकडे दिला आणि पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

इथला मोठा पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो. तो ओसरल्यावर एका सकाळी माझी विद्यार्थिनी सेल्वी चिखलातूनच ओरडली, "मॅडम, वंदुडुच्चु!" आलं! मोकळ्या तुकड्यांत हिरवी पाती उभी होती. मी तिथेच रडले, मग फोटो काढले.

पोंगलच्या सुट्टीत आईनं बाबांना ओढून आणलं. काठावर वाकून त्यांनी एक पातं बोटांत धरलं.

"हा तर लव्हाळा. आपण उपटून टाकतो."

"इथे आम्ही त्याचीच वाट बघत होतो, बाबा."

त्यांनी पातं हलकेच सोडून दिलं. मग म्हणाले, "हे सोडून कशी येणार होतीस तू?"

आता बार्शीला जाताना मी म्हणते, घरी चालले. चेन्नईला परतताना एकदा तोंडून तेच निघालं. आई चमकली. हल्ली मात्र निरोप देताना तीच सांगते, "घरी पोचलीस की फोन कर."